रस्ता अडवला की सत्याग्रह झाला?

प्रश्न : ऊसदरासाठी आमच्याकडं कारखान्याला निघालेले ट्रॅक्टर अडवून टायरमधली हवा सोडली. कुणाच्या अंगाला बोट लावलं नाही. मग याला अहिंसक सत्याग्रह म्हणायला काय हरकत आहे?
– एक वाचक, शिरोळ

उत्तर : हरकत आहे. अहिंसा नुसत्या बोटावर ठरत नाही, झळ कुणाला बसली ते बघावं लागतं. तोडलेला ऊस ट्रॉलीत उन्हात थांबला की वजन घटतं, साखर उताराही घसरतो. ट्रॅक्टरवाल्याचे हप्ते थांबत नाहीत. तोडणी टोळीची मजुरी टनावर असते, त्यामुळं खाडा तिच्याच माथी. ज्यांनी दर ठरवायचा ते मात्र त्या ट्रॉलीकडे फिरकतही नाहीत. सत्याग्रहात सोसायचं ते आपण. दुसऱ्याला सोसायला लावून दबाव आणला तर तो दुराग्रह.

दुसरी कसोटी अशी, की मोडलेल्या नियमाचा तक्रारीशी संबंध हवा. मिठाचा कर अन्यायाचा वाटला, म्हणून १९३० साली मिठाचाच कायदा मोडला गेला. कोल्हापूरच्या टोलविरोधी आंदोलनातली ‘टोल देणार नाही’ ही भूमिका त्याच जातीची. नाक्याची जाळपोळ मात्र नव्हे.

उसात तर कायदा शेतकऱ्याच्याच बाजूला आहे. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे केंद्र सरकारनं ठरवलेला किमान ऊसदर, द्यावी लागते, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. मुदत चुकली तर कायदा मोडणारा कारखाना. एफआरपीपेक्षा जास्त दर हवा असेल, तर हाती उरतं असहकार : आपल्या शेतातली तोड आपणच थांबवायची. तुरा आला, ऊस पोकळ पडायला लागला, की तो तोटा आपला. जड आहे, पण त्यातूनच बळ येतं.

प्रश्न : कलेक्टर कचेरीसमोर धरणं धरायचं आहे, पण महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जमावाला बंदी करणारा आदेश लागू आहे. तयारी कशी करावी? अटक झाली तर जामीन घ्यावा का?
– एक कार्यकर्ता, इचलकरंजी

उत्तर : आधी मागणी लेखी द्या, आणि एकच द्या. बारा मागण्यांचं निवेदन घेतलं जातं, पोच मिळते, विषय संपतो. त्यात तारीख, वेळ, जागा आणि किती जण बसणार ते लिहा. दांडीयात्रा १२ मार्चला निघाली, पण व्हाइसरॉयला पत्र २ मार्चलाच गेलं होतं. चोरून केला तो सविनय कायदेभंग नव्हे.

बसणाऱ्यांची यादी करा आणि प्रत्येकाला आदेशाची प्रत वाचून दाखवा. सैन्य किंवा पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना त्या यादीत घेऊ नका. गुन्हा नोंदला गेला तर चारित्र्य पडताळणीत अडकतील. पाणी, पत्रव्यवहार ही कामं त्यांना द्या. रुग्णवाहिकेची वाट मोकळी ठेवायला दोघं फक्त त्याच कामाला हवेत. गडबड बहुतेक वेळा कडेला उभ्या बघ्यांतून सुरू होते, तिकडेही आपली माणसं ठेवा. दगड पडलाच तर धरणं तिथंच थांबवायचं, हे आदल्या दिवशी ठरलेलं असावं.

जामीन घेण्यात काही कमीपणा नाही. ‘मी तिथं नव्हतोच’ म्हणण्यात आहे. १९२२ साली अहमदाबादच्या खटल्यात गांधींनी गुन्हा कबूल केला, जास्तीत जास्त शिक्षा मागितली आणि सहा वर्षांची घेतली.

प्रश्न : महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह हाही कायदेभंगच ना?
– एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : नाही. तळं सर्वांना खुलं करण्याचा ठराव महाड नगरपालिकेनं १९२४ सालीच केला होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक पाणी प्यायले, ते मिळालेला हक्क बजावत होते; मोडली ती रूढी. पुढं प्रकरण कोर्टात गेलं आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयानं अस्पृश्यांच्या बाजूनं निकाल दिला. सनदशीर मार्ग खुले असताना कायदेभंग आणि सत्याग्रहही सोडावेत, असं डॉ. आंबेडकरांनीच २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत सांगितलं. वरच्या दोन्ही वाचकांनी ते भाषण जरूर वाचावं.