आभार ‘व्यक्त’ करायचे नसतात हो, मानायचे असतात!

प्रश्न आलाय तो असा: यहुदी लोक सकाळी डोळे उघडल्या उघडल्या ‘मोदे आनी’ म्हणतात, त्याचं मराठी ‘मी आभार व्यक्त करतो’ असं वाचलं, ते बरोबर का? आणि बेने इस्रायलींचा, म्हणजे आपल्या कोकणातल्या यहुदींचा, मलिदा जर आभाराचा, तर पेपरात ‘मलिदा लाटला’ म्हणजे लाच कशी?

पहिलं उत्तर, नाही, अजिबात नाही! हे ‘आभार व्यक्त’ हल्ली सगळीकडे ऐकू येतं आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. मराठीत आभार मानतात. एका भाषाशुद्धीवाल्या काकांनी तर मला ऐकवलं की ‘मानणे’च चूक, आभार काय देव आहेत मानायला? काका, मानणे म्हणजे कबूल करणे पण होतं, ‘चूक मानली’ म्हणतोच ना आपण. आणि आभारात भार बसलाय. म्हणजे तुमच्या उपकाराचं ओझं माझ्यावर आहे, हे मी कबूल करतो. आता गंमत बघा, हिब्रूत नेमकं हेच! ‘मोदे’ म्हणजे आभार मानणारा, आणि मोदे म्हणजे कबूल करणारासुद्धा, आजही गुन्हा कबूल करणाऱ्याला हाच शब्द. ‘थँक्यू’ला ‘तोदा’ म्हणतात तोही त्याच धातूचा, आणि पापाच्या कबुलीला ‘विदुई’ म्हणतात तोही. (लगेच ‘बघा, संस्कृतातूनच गेलं’ म्हणून कुणी येऊ नका, दोन भाषांची कुळंच वेगळी आहेत, डोकी सारखी चालली एवढंच.) एवढंच काय, बायबलातल्या याकोबाच्या बायकोला, लेआला, चौथा मुलगा झाला तेव्हा ‘या वेळी मी परमेश्वराचे आभार मानीन’ म्हणून तिने त्याचं नाव ठेवलं यहूदा, त्यावरून यहुदी. म्हणजे अख्ख्या जमातीचं नावच आभारावरून!

आणि हे काम दुसऱ्यावर ढकलता येत नाही. सिनेगॉगमध्ये, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनाघरात, मुख्य प्रार्थना पुढचा माणूस मोठ्याने म्हणतो, बाकीचे आमेन म्हणतात, पण त्यातलं ‘मोदीम’, म्हणजे आभाराचा भाग, आला की प्रत्येक जण वाकून आपले आभार आपण पुटपुटतो, मग ताठ उभा राहतो. आणि आपलं आभारप्रदर्शन? एकाला माईकवर उभं करायचं आणि बाकीच्यांनी वडापावकडे सुटायचं. त्यात ‘प्रदर्शन’ शब्द तर... जाऊ दे, तो विषय वेगळा.

हां, मलिदा राहिलाच. फारसी ‘मालीदन’ म्हणजे चोळणं, मळणं, मालिश त्यातलंच. तूपगूळ घालून चुरलेली पोळी म्हणजे मलिदा, असला गोड घास फुकटात मिळाला की लाच व्हायला कितीसा वेळ लागतो. बेने इस्रायलींकडे मात्र भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, भोवती फळं, आणि एलियाहू हनावीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, नाव. लग्न असो, नवं घर असो, आजारातून उठणं असो, आभाराचं हे ताट मांडलं जातं. आशीर्वादही फळाच्या जातीप्रमाणे, झाडाच्या फळाला वेगळा, जमिनीच्या पिकाला वेगळा. केळं कशात? जमिनीच्या पिकात! कारण केळ एकदा व्याली की तिचं खोड मरतं, म्हणून ते झाड धरत नाहीत. कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.