ड्रिल आत जात नसेल तर वॅट नंतर, आधी भुकटी बघा

ताई, तुमची अडचण मला समजली ती अशी. कांजूरमार्गच्या नव्या टॉवरमध्ये राहायला गेलात, पडद्याच्या रॉडसाठी 500 वॅटचं इम्पॅक्ट ड्रिल घेतलं, भोक जेमतेम सेंटिमीटरभर होतं आणि तिथेच अडतं. बिटचं टोक काळं पडलंय आणि दुकानदार म्हणतो, 800 वॅटचं घ्या.

नका घेऊ. पैसे जातील आणि भोक तिथेच राहील.

आधी फुकटात होणारी तपासणी करा. बटणाजवळची दिशेची कळ उलट्या बाजूला सरकलेली नाही ना? उलटं फिरणारं बिट भिंत नुसती घासत बसतं. वरचा खटका हातोडीच्या चित्रावर आहे ना? हसू नका, मुरलेल्या लोकांचंही हे होतं. आणि बिट मेसनरीचंच, भिंतीसाठीचंच आहे ना, म्हणजे टोकाला दांडीपेक्षा किंचित रुंद अशी कार्बाइडची टिकली बसवलेलं? लोखंडात भोक पाडायचं बिट काँक्रीटवर बघता बघता बोथट होतं. तुमचं बिट काळं पडलंय म्हणजे चांगलंच तापलंय. ते आता टाकून द्या.

हे सगळं ठीक असेल, तर भोकातून पडलेली भुकटी कागदावर घ्या. लाल आली तर वीट. पांढरट आणि पिठासारखी मऊ आली तर सिपोरेक्स किंवा एएसी ब्लॉक, म्हणजे आत हवेचे बुडबुडे असलेला हलका ब्लॉक. राखाडी, कचकचीत आणि मध्येच काळा बारीक खडा दिसला तर काँक्रीट. आपल्याकडच्या काँक्रीटमधली खडी काळ्या दगडाची असते, बेसाल्टची. सिमेंट हळूहळू का होईना निघतं, पण बिट खडीवर आलं की तिथेच गरगरत राहतं किंवा बाजूला सरकतं. तुमचा तो सेंटिमीटरभराचा भाग म्हणजे वरचं प्लास्टर किंवा जिप्सम. खरी भिंत त्याच्या पुढे सुरू होते.

नव्या टॉवरमध्ये बऱ्याचदा मायवान पद्धतीचं काम असतं. ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकत्रच ओततात, त्यामुळे आतल्या भिंतीसुद्धा सळ्यांसकट काँक्रीटच्या निघतात. जुन्या इमारतींत कॉलम-बीमच्या मध्ये विटा भरलेल्या असतात, तिथे इम्पॅक्ट ड्रिल मजेत चालतं. (जुनं म्हणजे मऊ असंही नाही बरं का. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळी 1920च्या दशकातल्या, पण बांधल्या काँक्रीटच्या. तिथे साधा खिळा ठोकणं हाच एक कार्यक्रम असायचा.) आणि विटांचं घर असलं तरी खिडकीच्या वर लिंटेल, म्हणजे भार पेलणारी आडवी पट्टी असते, तीही काँक्रीटचीच. नवीन घरात माणूस सगळ्यात आधी पडदे लावायला घेतो आणि नेमका लिंटेलवर जाऊन आपटतो.

आता मशीनकडे येऊ. इम्पॅक्ट ड्रिलमध्ये चकच्या, म्हणजे बिट पकडणाऱ्या तोंडाच्या मागे दोन दातेरी चकत्या असतात. फिरताना त्या एकमेकींवरून उड्या मारतात, तोच तो कर्र आवाज. ठोके मिनिटाला हजारोंनी पडतात, पण अगदी हलके, आणि त्यांत जोर किती हे तुम्ही मागून किती रेटता यावर ठरतं. काँक्रीटला लागतो तो रोटरी हॅमर, त्याचं काम वेगळं आहे. आतला पिस्टन हवा दाबतो आणि ती दाबलेली हवा एक ठोकळा बिटच्या बुडावर आपटते. ठोके कमी, पण 2 किलोच्या आसपासच्या लहान मशीनमध्येही एकेक ठोका साधारण 2 ज्यूलचा असतो. खडी फुटते ती त्या ठोक्याने. 800 वॅटचं इम्पॅक्ट घेतलंत तर ते जास्त ताकदीने फिरेल, ठोका तसाच लेचापेचा. म्हणून खोक्यावर वॅट बघू नका, ज्यूल बघा. ज्यूल लिहिलेच नसतील तर ते बहुधा रोटरी हॅमर नाहीच.

रोटरी हॅमरला एसडीएस प्लसची बिटं लागतात, 10 मिलिमीटर जाडीच्या खाचवाल्या दांडीची. आत्ताची गोल दांडीची बिटं त्यात बसणार नाहीत. लाकडासाठी वेगळा चक जोडता येतो, पण तो लावून ठोका कधीच चालू करायचा नाही.

काम करताना एक लक्षात ठेवा, अंगाचा भार टाकायचा नाही. मशीन सरळ धरा, ते स्वतःच आत जातं. मधूनमधून बिट फिरतं ठेवूनच बाहेर काढा म्हणजे भुकटी निघते. 8 मिलिमीटरचं भोक हवं असेल तर आधी 6चं पाडा, जागेवर राहतं. एकाएकी अडलं आणि भुकटीत चकचकीत कीस दिसला तर सळी लागली आहे. जोर लावू नका, दोन-तीन सेंटिमीटर बाजूला घ्या. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली भोक नको, तिथून वायरचा पाइप गेलेला असतो. छतात काही टांगायचं असेल तर आधी बिल्डरकडून स्लॅब पोस्ट-टेन्शनचा आहे का विचारा. त्यातल्या ताणलेल्या केबलला बिट लागणं परवडणारं नाही. गिट्टी, म्हणजे स्क्रूसाठी भोकात ठोकायचा प्लग, पूर्णपणे काँक्रीटमध्ये बसली पाहिजे, प्लास्टरात अडकलेली गिट्टी पडद्यासकट खाली येते. डोळ्यांना गॉगल आणि तोंडाला मास्क हवाच, ही धूळ वाईट असते.

भुकटी पांढरी निघाली तर रोटरी हॅमर नकोच. ब्लॉकमध्ये ठोका बंद ठेवून नुसतं फिरवायचं, नाहीतर भोक मोठं होतं आणि गिट्टी आत गरगर फिरते. त्यासाठी ब्लॉकची वेगळी गिट्टी मिळते.

विकत घ्यायचं का? फक्त पडदे आणि टीव्ही असेल तर नाही. जवळच्या हार्डवेअरवाल्याकडे विचारा, बरेच जण रोटरी हॅमर दिवसाच्या भाड्याने देतात. सगळी भोकं पेन्सिलने आखून ठेवा आणि एका सकाळी उरका, दुपारच्या शांततेच्या वेळात सोसायटीचा वॉचमन वर येण्याआधी. घर सजवायला वर्ष लागणार असेल तर मात्र 2 ज्यूलचं, तीन मोडचं (नुसतं फिरणं, ठोक्यासकट फिरणं, नुसता ठोका) मशीन घ्या. नागदेवी स्ट्रीटला, मुंबईतल्या हत्यारांच्या बाजारात गेलात तर दुकानात प्लग लावून, ठोका चालू करून बघितल्याशिवाय घेऊ नका. सोबत 6, 8 आणि 10ची चांगली बिटं घ्या, बिटांत काटकसर नको. आत्ताचं इम्पॅक्टही विकू नका. लाकूड आणि लोखंडाला तेच हलकं पडतं, आणि टाइलला ठोका बंद करून तेच बरं.

भुकटीचा रंग कळवा, म्हणजे गिट्टी कुठली घ्यायची ते सांगतो.