वाचकांचे प्रश्न : मार्गिटच्या पुलावर अडकलेल्यांसाठी

‘एल्डन रिंग’ हा व्हिडिओगेम येऊन आता काही वर्षं झाली (फेब्रुवारी २०२२), पण पत्रं अजून त्याच पुलावरून येतात, जिथं मार्गिट हा मोठा शत्रू (बॉस) वाट अडवतो. म्हणून या वेळचं पान जवळजवळ सगळं त्यालाच दिलंय.

मार्गिट काठी उगारतो, मी रोल (कोलांटी) मारतो, रोल संपला की काठी डोक्यात. चाळीसेक वेळा झालं. माझं टायमिंग चुकतंय की गेम लबाडी करतोय? (राजारामपुरी)

थोडं दोन्ही. मार्गिट काठी वर नेऊन मुद्दाम थांबतो. ती हूल आहे, आणि कोल्हापूरकराला हूल म्हणजे काय ते सांगायला नको. उगारलेल्या हातावर झेप घेणारा चीत होतो. काठी खाली यायला लागली की मगच बटण.

आता बटणाबद्दल. रोल आणि धावणं एकाच बटणावर आहे, प्लेस्टेशनवर सर्कल, एक्सबॉक्सच्या कंट्रोलरवर बी. तुम्हाला रोल हवाय की धावायचंय हे गेमला बटण सुटल्यावरच कळतं, त्यामुळं रोल सुरू होतो तो दाबल्यावर नाही, सोडल्यावर. घाबरून अंगठा दाबून ठेवला की तेवढा उशीर पदरात पडतो. टिचकी मारल्यासारखं दाबा आणि सोडा. दुसरी गोष्ट, रोलच्या फक्त सुरुवातीच्या भागात मार लागत नाही. पुढची अर्धी कोलांटी उघडीच असते, आणि काठी नेमकी तिथंच बसते.

तिसरी चूक आणखी छुपी आहे. एक हालचाल चालू असताना दाबलेलं बटण गेम लक्षात ठेवतो आणि हालचाल संपताच अमलात आणतो. भीतीनं तीनदा दाबलं तर एक रोल कामाचा, नंतरचा फुकटचा. फ्लास्कचंही (आयुष्य भरून काढणारं औषध) तसंच. एका घोटाची गरज असताना दोन जातात, आणि दुसरा घोट घेताना तुम्ही जागेवर उभे.

रोल मागं मारू नका. त्याची काठी लांब आहे, मागं गेलात तरी टोक पोचतं. फटक्याच्या आत, त्याच्या बगलेतून पाठीमागं जा. तिथं एक किंवा दोन हलके वार, बास. तिसऱ्याचा मोह झाला की स्टॅमिना (दम, हिरवी पट्टी) संपतो. स्टॅमिना थोडासा उरला असला तरी वार होतो, पण पट्टी रिकामी झाली की ती पुन्हा भरू लागेपर्यंत रोल मिळत नाही. म्हणून हिरव्या पट्टीत एका रोलपुरतं कायम शिल्लक ठेवा.

लांब पळून फ्लास्क पिणं हीही जुनी चूक. तुम्ही पिताना दिसलात की तो उजेडाच्या सुऱ्या फेकतो. त्याची फटक्यांची मालिका संपल्यावर, जवळच उभं राहून प्या.

ढाल असेल तर वार अडवल्याबरोबर जड वाराचं बटण दाबा, उलटा वार बसतो. असे वार, उडी मारून केलेला जड वार आणि दाबून धरलेला जड वार यांनी त्याचा तोल ढळतो. तो गुडघ्यावर आला की समोर जाऊन हलका वार करा, मोठं नुकसान होतं. पण मधे बराच वेळ वार थांबले तर साठवलेलं सगळं वाया जातं.

मदत घ्यायला लाजू नका. चर्च ऑफ एलेमध्ये रात्री रेन्ना भेटते, ती घंटा आणि तीन लांडग्यांचे आत्मे देते. त्यांना बोलवायला ५५ एफपी (जादूची शक्ती) लागतात. लांडगे त्याला गुंतवतात, तुम्ही पाठीमागून मारा. मर्कवॉटर केव्हमधल्या पॅचेसला जिवंत सोडलंत तर तो ५,००० रून्सना (गेममधलं चलन) मार्गिटची बेडी विकतो. ती पहिल्या टप्प्यात दोनदा त्याला जमिनीला खिळवते. दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे तो हातोडा काढतो तेव्हा, तिचा उपयोग नाही.

आणि तरीही जमत नसेल तर पूल सोडून दक्षिणेला जा. वीपिंग पेनिन्सुलातल्या तीन चर्चमध्ये एकेक सेक्रेड टिअर आहे, लिमग्रेव्ह या सुरुवातीच्या प्रदेशातल्या थर्ड चर्च ऑफ मरिकामध्ये आणखी एक. टिअरनं प्रत्येक घोट ताकदवान होतो, गोल्डन सीडनं घोटांची संख्या वाढते, १४ पर्यंत. चार टिअर घेऊन परत आलेला खेळाडू आणि आधीचा यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

सगळे पॉइंट स्ट्रेंथमध्ये (ताकद) घातले. तरी तलवार लागत नाही आणि दोन फटक्यांत मरतो. (इचलकरंजी)

सुरुवातीच्या पन्नासेक लेव्हलपर्यंत मार वाढतो तो पॉइंटनी नाही, तलवार घडवून घेतल्यानं. साध्या हत्याराला +१ साठी पहिल्या प्रतीचे स्मिदिंग स्टोन २, +२ साठी ४, +३ साठी ६, म्हणजे एकूण १२ लागतात. लिमग्रेव्ह टनेल्सच्या भिंतींवर ते चमकत असतात. +३ पर्यंत चर्च ऑफ एलेतल्या ऐरणीवरच होतं, पुढचं राउंडटेबल होल्डमध्ये ह्यूग लोहाराकडं. पुढच्या प्रत्येक प्रतीला हाच २-४-६ चा हिशेब, शेवटी +२५. सोम्बर जातीच्या खास हत्यारांना दर पायरीला एकच दगड, आणि ती +१० ला थांबतात.

सांभाळायचं एक : सगळी हत्यारं थोडी थोडी वाढवत बसू नका. सुरुवातीला दगड कमी असतात, एकाच तलवारीवर खर्च करा.

आता दोन फटक्यांत मरण्याचं. विगर (आयुष्य वाढवणारा गुण) २५ ला आयुष्य ८००, ४० ला १४५०, ६० ला १९००, ९९ ला २१००. म्हणजे २५ ते ४० या टप्प्यात दर पॉइंटला साधारण ४३ मिळतात, त्यानंतर ६० पर्यंत बावीस-तेवीस, आणि साठच्या पुढं जेमतेम ५. चाळीसपर्यंत डोळे झाकून जा.

स्ट्रेंथ वाया गेली असं मात्र नाही. हत्यार दोन्ही हातांत धरलं की स्ट्रेंथ दीडपट धरली जाते. ग्रेटस्वर्डला ३१ लागते, ती २१ स्ट्रेंथवर दोन्ही हातांनी पेलते. डेक्सटेरिटीला (चपळाई) ही सूट नाही, तिथं १२ पाहिजेच.

नवं चिलखत घातल्यापासून माणूस धपकन पडल्यासारखा रोल मारतो. कंट्रोलर बिघडला का? (कागल)

कंट्रोलर ठीक आहे. वजन ७० टक्क्यांवर गेलंय. ३० च्या आत हलका रोल, ७० च्या आत मध्यम, त्यापुढं तो धपका, आणि १०० च्या पुढं रोलच नाही. इक्विपमेंटच्या पानावर वजनाचा आकडा बघा. पोत्यातल्या सामानाचं वजन धरत नाहीत, अंगावर आणि हाताच्या खणांत लावलेलं सगळं धरतात, वापरात नसलेली दुसरी ढालसुद्धा. टॅलिस्मनलाही (ताईत) वजन असतं. आधी ती ढाल काढा, मग शिरस्त्राण. चिलखतापायी रोल घालवणं सुरुवातीला तरी तोट्याचंच.

पावसात इथं लाईट कधीही जाते. गेम पॉज पण होत नाही. सेव्हचं काय? (गगनबावडा)

गेम सतत आपोआप सेव्ह करतो, त्यामुळं जास्तीत जास्त थोडंसं मागं जाल. बॉसच्या लढाईत बंद पडलं तर परत धुक्याच्या दाराबाहेर उभे असता. पीसीवर खेळत असाल तर विंडोजच्या रोमिंग फोल्डरमधलं ‘एल्डनरिंग’ नावाचं फोल्डर दर आठवड्याला पेनड्राइव्हवर कॉपी करून ठेवा. लाईट नेमकी सेव्ह लिहिताना गेली तर फाईल खराब होऊ शकते.

पॉजची एक पळवाट आहे. इन्व्हेंटरी उघडा, हेल्पचं बटण दाबून ‘मेन्यू एक्स्प्लनेशन’ निवडा. तो मजकूर पडद्यावर आहे तोवर गेम थांबतो, पण ऑफलाइन असतानाच. नकाशा उघडून थांबत नाही, तो गैरसमज काढून टाका.

सुरुवातीचं पात्र म्हणून सामुराई घेतलाय. दोन कताना धरल्या तर रक्तस्राव दुप्पट होतो का? (शाहूपुरी)

प्रत्येक उचिगातानाचा (सामुराईची कताना) वार शत्रूच्या रक्तस्रावाच्या मापात ४५ भर घालतो. दोन्ही हातांत एकाच जातीची हत्यारं असतील तर एल१ नं (कंट्रोलरचं डावीकडचं वरचं बटण) दोन्ही मिळून मारतात, माप भराभर भरतं. भरलं की शत्रूच्या एकूण आयुष्याचा काही टक्के भाग एकदम जातो, म्हणून मोठ्या बॉसवर हे जास्त कामाचं. मात्र वार थांबले की माप हळूहळू उतरतं, आणि एकदा फुटल्यावर पुढच्या वेळी बॉसला जास्त वार लागतात. सांगाड्यांवर उपयोग शून्य, त्यांच्यात रक्तच नाही. दुसरी उचिगाताना स्टॉर्महिलजवळच्या डेथटच्ड कॅटाकोम्ब्समध्ये आहे, आणि तिथले पहारेकरी सांगाडेच आहेत. पडले की उठायच्या आत पुन्हा मारा.