बॉयलर तडकलेल्या विक्रांतवरून १९७१ मध्ये सी हॉक उडालीच कशी? आणि ‘व्हाइट टायगर्स’ स्क्वाड्रनचा इतिहास काय?

तुमचे प्रश्न दोन आहेत: १९७१ च्या युद्धात विमानवाहू नौका विक्रांत पूर्ण वेगाने धावूच शकत नसताना तिच्यावरून सी हॉक या जेट लढाऊ विमानांचे हल्ले कसे झाले, आणि ते करणाऱ्या नौदलाच्या आयएनएएस ३०० म्हणजे ‘व्हाइट टायगर्स’ स्क्वाड्रनचा एकूण इतिहास. आधी डेकचं गणित सांगतो. ते कळलं की या स्क्वाड्रनने दोन वेळा विमानं का बदलली, हेही आपोआप उलगडतं.

विमान उचललं जातं ते पंखांवरून वाहणाऱ्या हवेच्या वेगामुळे. डेकवर हा वेग तीन ठिकाणांहून गोळा होतो: कॅटापुल्टचा (विमान पुढे फेकणाऱ्या यंत्रणेचा) धक्का, नौकेचा स्वतःचा वेग आणि समोरचा वारा. म्हणून विमानं सोडायच्या वेळी विमानवाहू नौका वाऱ्याकडे तोंड करून जमेल तितकी जोरात पळते. नौका २४ नॉटने (१ नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किमी) चालली आहे आणि समोरून १० नॉटचा वारा आहे, तर विमान जागेवरून हलायच्या आधीच ३४ नॉट हातात असतात. नौकेचा वेग १४ वर आला की त्यातले दहा गेले. कॅटापुल्टच्या ताकदीला मर्यादा असते, तेव्हा ती तूट भरायला उरतो एकच उपाय: विमान हलकं करा. म्हणजे बॉम्ब कमी करा, नाहीतर इंधन कमी करा. उतरतानाही हाच हिशेब उलटा लागतो. नौका हळू असेल तर विमान डेकच्या मानाने जास्त वेगात येतं आणि अरेस्टर वायरवर (विमान थांबवायला डेकवर आडव्या ताणलेल्या तारेवर) आणि ती पकडणाऱ्या शेपटीखालच्या हुकवर ताण वाढतो.

विक्रांतला चार बॉयलर होते आणि तिचा मूळ वेग २४ नॉटच्या वर होता. १९७० मध्ये बॉयलरच्या वॉटर ड्रमना तडे गेल्याचं दिसलं. हे तडे वेल्डिंगने बुजवता येण्यासारखे नव्हते आणि नवे ड्रम इथे मिळत नव्हते, ते ब्रिटनकडे मागवावे लागले. तोवर बॉयलर वापरू नका, असा हुकूम निघाला आणि नौका मुंबईच्या नौदल गोदीत अडकून पडली. १९७१ च्या सुरुवातीला, नवे ड्रम न बसवताच, कमी दाबावर बॉयलर पेटवून चाचण्या सुरू झाल्या. दाबाची मर्यादा ४०० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आणि प्रोपेलरचे फेरे मिनिटाला १२० ठरले, म्हणजे वेग साधारण १४ नॉट. जूनमध्ये ती खोल समुद्रात गेली तेव्हा चालू असलेल्या तिन्ही बॉयलरना सुरक्षेसाठी पोलादी बंध घातले होते आणि वाफेची गळती वेळीच दिसावी म्हणून निरीक्षणाच्या खिडक्या बसवल्या होत्या.

एक मुद्दा बऱ्याच लेखांत सुटतो. विक्रांतचा कॅटापुल्ट वाफेवर चालायचा आणि ती वाफ याच बॉयलरमधून यायची. त्यामुळे बॉयलरच्या दुखण्याचा फटका नौकेच्या वेगाला आणि कॅटापुल्टला, असा दोन्हीकडून होता. चाचण्यांमध्ये कॅटापुल्ट वेगळा तपासून घेतला गेला तो म्हणूनच.

मग उत्तर काय? चमत्कार वगैरे नाही. नौकेचा वेग कमी धरूनच उड्डाणांचं गणित मांडलं गेलं, आणि बंगालच्या उपसागरात परिस्थितीही अनुकूल होती. ४ डिसेंबर १९७१ च्या सकाळी आठ सी हॉक पूर्व पाकिस्तानातल्या (आताच्या बांगलादेशातल्या) कॉक्स बाजारवर गेली तेव्हा विक्रांत किनाऱ्यापासून साधारण ६० सागरी मैलांवर होती. इतक्या जवळ जायचं असेल तर टाक्या काठोकाठ भरायची गरज नसते. वाचलेलं वजन दारूगोळ्याला देता येतं. इतक्या जवळ जाणं परवडलं, कारण पूर्वेकडे पाकिस्तानी हवाई दलाची सेबर विमानांची एकच स्क्वाड्रन होती, ढाक्याच्या तेजगावला, आणि तिथली धावपट्टी आपल्या हवाई दलाने पहिल्या काही दिवसांतच निकामी केली. विक्रांतच्या मागावर आलेली पाकिस्तानी पाणबुडी गाझी ३-४ डिसेंबरच्या रात्री विशाखापट्टणमजवळ बुडाली होती. सी हॉकना खरा धोका उरला तो जमिनीवरच्या विमानविरोधी तोफांचा.

त्याच दिवशी दुपारी चितगाव बंदरावर हल्ला झाला. पुढच्या दिवसांत खुलना आणि मोंगलाही झाले. दिवसा मुख्यतः सी हॉक, रात्री ३१० स्क्वाड्रनची अलिझे ही पाणबुडीविरोधी विमानं. ३१० च्या या ‘कोब्रा’ मंडळींचं नाव फार कमी घेतलं जातं, हे मला खटकतं. एकही सी हॉक गमावलं नाही. ३०० चे प्रमुख लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्ता आणि विक्रांतचे कप्तान स्वराज प्रकाश, दोघांनाही महावीरचक्र मिळालं.

सी हॉक १९७१ मध्येही जुनंच होतं: एक रोल्स-रॉइस नीन इंजिन, ध्वनीपेक्षा कमी वेग, नाकात २० मिमीच्या चार तोफा, पंखांखाली रॉकेट किंवा ५०० पौंडी बॉम्ब. याचा धूर शेपटीतून निघत नाही. जेट पाइप दुभंगून पंखांच्या मुळाशी दोन्ही बाजूंना बाहेर पडतो, त्यामुळे मागच्या धडात इंधनाच्या टाकीला जागा मिळाली. हवाई लढतीत नव्या लढाऊ विमानांपुढे त्याचा निभाव लागणं अवघड होतं. बंदर आणि धावपट्टी झोडपायला मात्र ते पुरेसं होतं.

आता मागे जाऊ. स्क्वाड्रन जुलै १९६० मध्ये वेल्समधल्या ब्रॉडी तळावर उभी राहिली, कारण विक्रांत तेव्हा बेलफास्टला तयार होत होती. ४ मार्च १९६१ ला विक्रांत नौदलात आली आणि १८ मे रोजी लेफ्टनंट आर. एच. ताहिलियानी यांनी तिच्यावर पहिलं जेट उतरवलं. हेच पुढे नौदलप्रमुख झाले. डिसेंबर १९६१ मध्ये गोवामुक्तीच्या वेळी विक्रांत किनाऱ्यापासून दूर पहाऱ्यावर होती, पण तिच्या विमानांना हल्ला करावा लागला नाही. गोव्याचा खरा फायदा नंतर झाला. आधी कोईमतूरजवळ असलेला आयएनएस हंसा हा तळ १९६४ मध्ये दाबोळीला आला आणि ३०० चं घर तेच झालं. १९६५ च्या युद्धात विक्रांत दुरुस्तीसाठी गोदीत होती. तरी ती बुडवल्याच्या पाकिस्तानी दाव्याची चर्चा अजून अधूनमधून दिसते.

१६ डिसेंबर १९८३ ला पहिली तीन सी हॅरियर दाबोळीला उतरली आणि डेकचं गणितच बदललं. पेगॅसस इंजिनाचा जोर खाली वळवू शकणाऱ्या चार फिरत्या नळ्यांमुळे ना कॅटापुल्ट लागत होता, ना हुक. विक्रांतवरचा कॅटापुल्ट काढून स्की-जम्प, म्हणजे डेकच्या टोकाचा वर वळलेला उतार, बसवला गेला. १९८७ मध्ये आलेल्या विराट या दुसऱ्या विमानवाहू नौकेवर तो १२ अंशांचा होता. सी हॅरियरची अडचण होती ती आपल्या हवेत. गरम, दमट हवेत इंजिनाचा जोर घटतो आणि सरळ खाली उतरताना अख्खं वजन त्याच जोरावर तोलायचं असतं. उतरताना इंजिनात पाणी फवारून जोर वाढवता येतो, पण ते पाणी जेमतेम दीड मिनिट पुरतं. त्यामुळे जड क्षेपणास्त्र न डागता परत आणायचं तर इंधन अगदी तळाला आलेलं हवं, आणि मग दुसऱ्या प्रयत्नाला वाव राहत नाही. हे विमान चालवायला अवघडच. निम्म्याहून अधिक सी हॅरियर अपघातांत गेली. उरलेल्यांना पुढे इस्रायली ईएल/एम-२०३२ रडार आणि डर्बी क्षेपणास्त्रं मिळाली.

मे २०१६ मध्ये सी हॅरियर निवृत्त झाली आणि ३०० कडे मिग-२९के आलं. आता उडायला स्की-जम्प आणि थांबायला पुन्हा हुक-वायर. हुकने उतरणं म्हणजे दर वेळी सांगाड्याला आणि उपकरणांना जबर हिसका. कॅगच्या २०१६ च्या अहवालात या विमानांची उपलब्धता १५.९३ ते ३७.६३ टक्के नोंदली आहे आणि इंजिनांतल्या दोषांवरही बोट ठेवलं आहे.

हे प्रत्यक्ष पाहायचं असेल तर दाबोळीजवळ बोगमाळोला नौदलाचं विमान संग्रहालय आहे. तिथे सी हॉकच्या पंखाच्या मुळाशी धूर बाहेर पडण्याचं तोंड आणि शेपटीखालचा हुक शोधा, मग सी हॅरियरच्या चार नळ्या पाहा. दोन्ही विमानं डेक कशी सोडायची, ते तिथेच लक्षात येईल.