पाळीआधीच्या त्रासावर पेल्विक फ्लोअर फिजिओथेरपीचा उपयोग होतो का?

होतो, पण सगळ्या त्रासावर नाही. तुम्ही लिहिलंय की पाळीच्या आठवडाभर आधी चिडचिड होते, रडू येतं, पोट फुगतं, ओटीपोट जड पडतं, कंबर धरते, पोट साफ होत नाही. मैत्रिणीने ही थेरपी सुचवली आहे आणि व्हिडिओ बघून उद्यापासून केगलचे, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचे, व्यायाम सुरू करायचा तुमचा विचार आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझं काम मुख्यतः याच स्नायूंवर चालतं. म्हणून आधी एक कळकळीची विनंती: केगल लगेच सुरू करू नका. कारण पुढे सांगते.

पीएमएस, म्हणजे पाळीआधीच्या दिवसांत होणारा हा त्रास, मुळात स्नायूंचा आजार नाही. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वाढतं आणि पाळीच्या तोंडावर ते आणि इस्ट्रोजेन दोन्ही उतरतात. त्रास होणाऱ्या बाईची हार्मोन्स बहुतेक वेळा इतर बायकांइतकीच असतात, पण या चढउताराला तिचा मेंदू जास्त तीव्र प्रतिसाद देतो. त्यामुळे चिडचिड, उदासी, स्तनांचं दुखणं या गोष्टी ओटीपोटाचे स्नायू सैल करून थेट बऱ्या होणार नाहीत. तसं आश्वासन कुणी देत असेल तर तिथे पैसे भरण्याआधी थांबा.

पण तुमच्या यादीतल्या तीन गोष्टी माझ्या कामाच्या आहेत: जडपणा, कंबर आणि बद्धकोष्ठ.

पेल्विक फ्लोअर म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत पसरलेला स्नायूंचा थर. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना तो खालून आधार देतो, आणि लघवी, शौच, संबंध या सगळ्यात त्याला वेळेवर सैल पडावं लागतं. अनेक बायकांमध्ये तो सैल पडायचंच विसरतो. दर महिन्याला पोटात कळा येतात तेव्हा शरीर आपोआप आखडतं. लघवी तासन्‌तास दाबून ठेवली जाते. पोट आत ओढून बसायची सवय लागते. सततचा ताण असतो. दिवसभर मूठ आवळून ठेवली तर हात थकतो, दुखतो आणि गरजेच्या वेळी जोरही लावता येत नाही. या स्नायूंचं तसंच होतं. महिनाभर हे कसंबसं निभावतं. पाळीआधी पोट फुगलं, आतडी मंदावली, वेदना जास्त जाणवू लागली की तोच ताठरपणा जड ओटीपोट, माकडहाडाजवळचं दुखणं, सारखी लघवीची भावना किंवा संबंधाच्या वेळची वेदना होऊन समोर येतो.

आता केगल. आर्नोल्ड केगल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने 1948 मध्ये हे आवळण्याचे व्यायाम मांडले, ते बाळंतपणानंतर कमकुवत झालेल्या स्नायूंसाठी. खोकताना-शिंकताना लघवी गळत असेल तर ते आजही उत्तम आहेत. पण स्नायू आधीच आखडलेला असेल तर त्याला आणखी आवळायला लावल्याने दुखणं वाढू शकतं. तुमचा स्नायू कमकुवत आहे की ताठर हे व्हिडिओ सांगू शकत नाही, तपासूनच कळतं.

तपासणीला घाबरून बायका येणं टाळतात, म्हणून ती कशी असते ते सांगते. पहिला बराच वेळ बोलण्यात जातो: पाळी, लघवी, शौच, बाळंतपणं, शस्त्रक्रिया, झोप. मग श्वास, पोट, कंबर, मांड्या आणि खुबे बाहेरून तपासले जातात. आतून तपासणी करायची झाली तर ती हातमोजा घालून एका बोटाने होते, तुम्ही स्पष्ट हो म्हटल्यावरच, आणि मध्येच थांबवायचा हक्क तुमचा असतो. ती सक्तीची नाही. कधी संबंध आलेला नसेल किंवा मनाची तयारी नसेल तर बाहेरूनही भरपूर काम करता येतं. कारण न सांगता कुणी घाई केली तर सरळ उठून या.

घरी आजपासून करता येईल असं सांगते. पाठीवर झोपा, पोटऱ्या खुर्चीवर टेकवा. नाकाने श्वास घ्या, बरगड्या बाजूला फुलू द्या आणि पोट वर येऊ द्या. छाती-पोटामधला पडदा खाली सरकतो तसा ओटीपोटाचा तळही किंचित खाली उतरतो. तिथे फक्त लक्ष ठेवा. श्वास सोडताना काहीही आवळायचं नाही. पाच-दहा मिनिटं रोज, फक्त दुखतं तेव्हा नाही. ऐकायला हे फार किरकोळ वाटतं, पण माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकींचं काम इथूनच सुरू होतं आणि बऱ्याच जणींना हेच सगळ्यात अवघड जातं.

बद्धकोष्ठाकडे मी विशेष लक्ष देते. पाळीआधीच्या दिवसांत आतड्यांची गती कमी होते, मग कुंथावं लागतं, कुंथल्याने तळाचा स्नायू आणखी आखडतो आणि पुढच्या वेळी शौच आणखी कठीण होतं. कमोडवर बसत असाल तर पायाखाली छोटं स्टूल घ्या, गुडघे खुब्यांपेक्षा वर येऊ द्या आणि थोडं पुढे झुका. गुदाशयाभोवती एक स्नायू फास टाकल्यासारखा असतो, तो या स्थितीत सैल होतो आणि वाट सरळ होते. श्वास रोखून जोर लावू नका. घाई झाल्याशिवाय बसूच नका, पण घाई झाली की टाळूही नका.

पाळी सुरू झाल्यावरच्या कळांचं कारण वेगळं आहे. गर्भाशयात तयार होणारी प्रोस्टाग्लँडिन्स नावाची रसायनं त्याला जोरात आकुंचन पावायला लावतात. त्यासाठी शेक, टेन्स मशीन (त्वचेवर चिकटवलेल्या पट्ट्यांतून सौम्य वीजप्रवाह देणारं वेदनाशामक यंत्र) आणि डॉक्टरांनी सांगितलेली वेदनाशामक गोळी या तिन्हींचा आधार घेता येतो. टेन्स गरोदरपणात किंवा पेसमेकर असताना परस्पर वापरू नका. नियमित व्यायामाचाही आधार होतो: 2019 च्या कोक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेल्या निष्कर्षांत) आठवड्यातून तीनदा किंवा जास्त, दर वेळी 45 ते 60 मिनिटं व्यायाम केल्यास पाळीतलं दुखणं कमी होऊ शकतं असं दिसलं, व्यायाम जोरकस असो वा हलका. हे निष्कर्ष पाळीतल्या वेदनेबद्दलचे आहेत हे लक्षात ठेवा. पीएमएसवर थेट झालेलं फिजिओथेरपीचं संशोधन त्यामानाने थोडं आहे.

अपॉइंटमेंट घ्यायच्या आधी दोन पाळीचक्रं रोज नोंद ठेवा. मन, झोप, पोट, कंबर, शौच, लघवी, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, एवढंच. पीएमएसमध्ये त्रास पाळीआधी चढतो आणि पाळी सुरू झाल्यावर काही दिवसांत उतरतो. महिनाभर सारखाच राहत असेल तर कारण दुसरं शोधावं लागेल: थायरॉइड, नैराश्य, किंवा गर्भाशय खाली सरकणं. वेदना वर्षागणिक वाढत असेल, शौचाला किंवा संबंधाच्या वेळी खोलवर दुखत असेल तर एंडोमेट्रिओसिसची (गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराची) शंका घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. फिजिओथेरपी नंतर जोडीला घेता येते.

आणि त्या दिवसांत जगणं नकोसं वाटतं, स्वतःला इजा करावीशी वाटते, नाती तुटायची वेळ येते असं असेल तर कृपया व्यायामाच्या वाटेने उशीर करू नका. ते पीएमडीडी, म्हणजे पीएमएसचा मनावर परिणाम करणारा तीव्र प्रकार, असू शकतं. त्याला 2013 पासून डीएसएम-5 या मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन ग्रंथात स्वतंत्र निदान म्हणून जागा आहे आणि त्यावर उपचार आहेत. एसएसआरआय गटातली, नैराश्यावरही वापरली जाणारी औषधं यात लवकर काम करतात; काही जणींना ती फक्त चक्राच्या उत्तरार्धात घेऊनही पुरतात. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, आणि स्वतःला इजा करण्याचा विचार आत्ता येत असेल तर आजच, घरातल्या कुणाला सोबत घेऊन.

थेरपी सुरू केलीत तर तीच नोंदवही चालू ठेवा आणि साधारण तीन चक्रांनी शरीराचे आणि मनाचे गुण वेगवेगळे बघा. जडपणा, कंबर, शौच यांचे आकडे खाली आले आणि मनाचे तिथेच राहिले, तर व्यायाम चालू ठेवून मनासाठी डॉक्टरांकडे जा. शरीराचेही आकडे हलले नसतील तर फिजिओथेरपिस्टला वही दाखवून पुन्हा तपासायला सांगा.