गाडीचा ॲम्प्लिफायर उडाला आहे. दुरुस्त करावा की नवीन घ्यावा?

तुम्ही लिहिलंय, ‘बॅटरीची वायर लावताक्षणी ॲम्पचा फ्यूज उडतो, रिमोटची वायर तर लावलेलीही नाही. दुकानदार म्हणतो बोर्ड गेला, नवीनच घ्या.’ एरवी मी असल्या प्रश्नांवर काही लिहीत नाही. पण ‘बोर्ड गेला, नवीनच घ्या’ हे वाक्य माझे दाजी मला गेली कित्येक वर्षं ऐकवतायत, त्यामुळे राहवलं नाही.

आधी एक सांगा, दुकानदाराने ॲम्प उघडून बघितला होता का? बहुतेक नसेल. ‘बोर्ड गेला’ हे निदान नाही, गिऱ्हाईक वाटेला लावायची पद्धत आहे. रिमोटची वायर, म्हणजे ॲम्पला चालू होण्याचा इशारा देणारी, नसताना फ्यूज उडतो म्हणजे ॲम्प चालू व्हायच्या आधीच प्लस आणि अर्थ यांच्यात कुठेतरी सरळ शॉर्ट आहे. तिथे असतात पॉवर सप्लायचे मोसफेट (करंट चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच), आणि काही ॲम्पमध्ये उलटी बॅटरी लागली तर फ्यूज उडवायला बसवलेला एक जाड डायोड. दोन्ही सुटे मिळतात, दोन्ही बदलता येतात. मध्यंतरी कोणी बॅटरी बदलताना प्लस-मायनस उलटं लावलं होतं का, तेही आठवून बघा.

आता माझं ऐका. माझी पहिली गाडी जुनी घेतलेली, आणि तिच्या डिकीत आधीच्या मालकाचा दोन चॅनेलचा क्लास एबी ॲम्प होता. विटेसारखा जड, कडेला हीटसिंकच्या धारदार पट्ट्या. दाजींनी त्यांच्या गाडीतला जुना सबवूफर (घुमणाऱ्या खालच्या आवाजाचा स्पीकर, थोडक्यात सब) मला दिला, चार-चार ओहमच्या दोन कॉइलवाला, आणि हौसेने वायरिंगही स्वतःच केलं. ॲम्प ब्रिज केला, म्हणजे दोन्ही चॅनेल मिळून एकच स्पीकर चालवायला लावले, आणि दोन्ही कॉइल पॅरलल जोडल्या. मी विचारलं, असं चालतं का? म्हणाले, ‘अरे, आवाज डबल येतो.’ आला. पहिल्या दिवशी आरसा थरथरत होता.

आठवडाभरात ॲम्पचे दोन्ही फ्यूज गेले. ते २५-२५ ॲम्पियरचे होते. दाजींनी ४०-४० चे घातले. माझ्याकडे तेवढेच आहेत, म्हणाले. पुढच्या रविवारी भर रस्त्यात डिकीतून फट् असा आवाज आला आणि मागच्या सीटवरून तो वास पुढे आला. जळक्या फेनॉलचा वास एकदा नाकात बसला की आयुष्यभर ओळखता येतो. दाजींनी डिकी उघडली, ॲम्पवर हात ठेवला, झटक्यात काढला आणि निकाल दिला, ‘गेला. असल्या वस्तू दुरुस्त होत नसतात.’

मी हट्टाने खालचा पत्रा काढला. आत टोरॉइडची गलेलठ्ठ कॉइल, तिच्या एका बाजूला चार आयआरएफझेड ४४ मोसफेट, दुसऱ्या बाजूला आउटपुटचे टीप ३५ आणि टीप ३६ ट्रान्झिस्टर, सगळे हीटसिंकला पट्टीने आवळलेले. मल्टिमीटर बीपवर ठेवला आणि ड्रेन-सोर्सवर, म्हणजे मोसफेटच्या दोन पायांवर, टेकवला, तर चारही मोसफेट ओरडले. इथे नवखा माणूस हमखास फसतो. मोसफेट पॅरलल असतात, त्यामुळे एक शॉर्ट असला की शेजारचे निर्दोषही शॉर्ट दाखवतात. एकेक काढून मोजले तेव्हा कळलं, खरे गेलेले दोनच. आउटपुटची एक जोडी गेलेली. बाकी बोर्ड स्वच्छ, तांब्याची एक पट्टीसुद्धा उचललेली नाही. कुठे गेला होता बोर्ड?

गेलेले तेवढे भाग बदलले, हीटसिंकची पेस्ट नवी लावली आणि प्लसच्या वायरीत हेडलाइटचा १२ व्होल्ट ५५ वॉटचा बल्ब सिरीजमध्ये घालून करंट दिला. ही युक्ती प्रत्येकाने शिकावी. शॉर्ट अजून असेल तर बल्ब लख्ख पेटून राहतो आणि नवे भाग वाचतात. सगळं ठीक असेल तर क्षणभर उजळतो आणि मंद होतो. माझा मंद झाला. नऊ दिवस ॲम्प वाजला. दहाव्या दिवशी पुन्हा फट्.

‘सांगितलं नव्हतं?’ हे दाजींचं वाक्य तेव्हापासून प्रत्येक घरगुती कार्यक्रमात होतं. मिक्सर बिघडला तरी ‘ह्याला दुरुस्तीला देऊ नका हं, नऊ दिवस चालेल.’

मग त्यांच्याच आग्रहाने नवाकोरा ॲम्प घेतला, तोही दोन चॅनेलचाच. वायरिंग पुन्हा दाजींचं. थोडा आवाज वाढवला की लाल दिवा लागून ॲम्प प्रोटेक्टमध्ये जायचा. दाजी म्हणाले, पीसच खराब निघाला. तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं की ॲम्प सोडून बाकी काहीतरी मोजावं. सबच्या दोन्ही वायरी ॲम्पपासून सोडवल्या आणि मल्टिमीटर लावला, तर १.७ ओहम. चार ओहमची कॉइल मीटरवर साधारण साडेतीन दाखवते, दोन पॅरलल केल्या की बरोबर तेवढंच येणार. म्हणजे ॲम्पवर दोन ओहमचा भार. ब्रिज केलं की प्रत्येक चॅनेलला त्याच्या निम्मे ओहम दिसतात, म्हणजे एक. आणि ॲम्पच्या तळाशी कंपनीने छापलेलं होतं, ब्रिजमध्ये कमीत कमी चार.

जुना ॲम्प या भाराने मेला, माझ्या सोल्डरच्या डागांनी नाही. नवा शहाणा होता, मरण्याऐवजी बंद पडत होता. कॉइल सिरीजमध्ये जोडल्या, मीटरवर ७ आले, लाल दिवा त्यानंतर लागलेला नाही. ॲम्पला चालणाऱ्या चारऐवजी आठ ओहम झाले की पॉवर निम्मी होते हे खरं, पण निम्मी पॉवर म्हणजे तीनच डेसिबल, कानाला जेमतेम कळतं. दाजींना मात्र कळतं. ‘आवाज पडला,’ असं अजूनही म्हणतात.

म्हणून माझं मत असं की दुरुस्त की नवीन, हा प्रश्नच दुसऱ्या नंबरचा आहे. का उडाला हे कळल्याशिवाय दोन्ही मार्गांनी पैसे वाया. सबचे ओहम मोजा. मग अर्थिंग बघा. अर्थच्या वायरचा बोल्ट बहुतेक वेळा गाडीच्या रंगावरच आवळलेला असतो, खाली पॉलिश पेपरने पत्रा चकाकेपर्यंत घासलेला नसतो. ५०० वॉट खरे देणारा क्लास डी (कमी तापणाऱ्या, नव्या पद्धतीचा) ॲम्प १३.८ व्होल्टवर साधारण ४५ ॲम्पियर ओढतो. वाटेत ०.०२ ओहम जरी अडकले तरी ०.९ व्होल्ट तिथेच खर्च. वायर तांब्याची आहे की तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची, तेही खरवडून बघा. ॲल्युमिनियम तांब्याच्या जेमतेम ६१ टक्के वीज वाहून नेतं, त्यामुळे त्याच जाडीत भागत नाही.

तुमच्या ॲम्पचं बोलायचं तर उघडून बघा. भाग पायांचे, मोठे, सुटे दिसत असतील आणि जळकं भगदाड नसेल तर माझ्या मते दुरुस्तच करा. एका ओळीतले सगळे मोसफेट एकदम बदला, एकाच लॉटचे. गेटचे, म्हणजे मोसफेटला चालू-बंद करणाऱ्या पायाचे, छोटे रेझिस्टर मोजा, मोसफेट जाताना बहुतेक वेळा त्यांनाही घेऊन जातो, आणि त्यामागचा ड्रायव्हरही (गेट चालवणारा भाग) तपासा. कोणी झेड ४४ च्या जागी आयआरएफ ३२०५ हा दुसरा मोसफेट टाकू म्हणाला तर लगेच हो म्हणू नका. त्याची करंटची क्षमता जास्त आहे, पण गेटला दुपटीहून जास्त चार्ज लागतो आणि तो भार ड्रायव्हरवर येतो. कपॅसिटरच्या बुडाशी लावलेला पिवळा गोंद तपकिरी झाला असेल तर खरवडून टाका, जुना झाला की तो वीज वाहू लागतो.

बोर्ड जळून कोळसा झाला असेल, पाणी शिरलं असेल, आयसीवरचे नंबर घासून टाकलेले असतील किंवा आधीच कोणीतरी आत वायरींचा गुंता करून ठेवला असेल तर नाद सोडा. दुरुस्तीचा खर्च तेवढ्याच ताकदीच्या नव्याच्या निम्म्यावर जात असेल तरीही सोडा. तेवढ्याच ताकदीच्या, हे महत्त्वाचं. खोक्यावरच्या आकड्याला भुलू नका, फ्यूज वाचा. ३० ॲम्पियरचा एकच फ्यूज असलेला ॲम्प १४ व्होल्टवर आत जेमतेम ४२० वॉट घेतो, तो बाहेर दोन हजार कुठून देणार? आकडा बघायचाच तर सीईए २००६ (आता सीटीए २००६) या गाडीच्या ॲम्पची पॉवर मोजायच्या मानकानुसारचा बघा. तो १४.४ व्होल्ट, चार ओहम आणि एक टक्का विकृतीपर्यंत मोजलेला असतो.

एक राहिलं. वर ‘दुरुस्तच करा’ म्हणालो ते ज्याला डाग देता येतो किंवा तसा माणूस ओळखीत आहे त्याच्यासाठी. नव्या पिढीचे बारीक चिकटवलेल्या भागांचे क्लास डी बोर्ड घरच्या सोल्डरिंग आयर्नने करायला जाऊ नका, मीही जात नाही. आउटपुट शॉर्ट झाला असेल तर सबला सरळ डीसी (बॅटरीसारखा एकाच दिशेचा करंट) जाऊन कॉइल जळलेली असू शकते, तेव्हा कुठलाही ॲम्प जोडण्याआधी कोन हाताने हळूच दाबून खरखर येते का बघा.

आणि नऊ दिवसांचं खरं सांगायचं तर, दोष निव्वळ भाराचाही नव्हता. मी दोनच मोसफेट बदलले होते, जुने दोन तसेच ठेवले. बदललेले दोन नंतर पक्कडीत धरून फोडले, तर आतली चिप अस्सल झेड ४४ च्या चिपच्या निम्मीही नव्हती. नकली माल होता. दुसऱ्या वेळी चारही अस्सल घातले, गेट रेझिस्टर बदलले, आणि तो जुना ॲम्प आजही माझ्याकडे वाजतोय. नवा दाजींच्या गाडीत आहे. चिप फोडून बघितल्याचं त्यांना माहीत नाही, आणि तुम्ही सांगणार नाही अशी आशा आहे.

तुमच्या सबच्या वायरी सोडवून किती ओहम येतात आणि ॲम्पच्या तळाशी कमीत कमी किती छापलेत, ते दोन आकडे खाली टाका.