फूड टेक करून पोलंडला जाऊ का? एका विद्यार्थिनीच्या पत्राला उत्तर

तुझं पत्र वाचलं. परभणीच्या फूड टेक्नॉलॉजी कॉलेजला तिसऱ्या वर्षाला आहेस, पोलंडच्या राजधानीत, वॉर्साला मास्टर्स करायचं मनात आहे, आणि साखर कारखान्यात आयुष्य काढलेले तुझे पप्पा म्हणतायत की लहान देश मोठ्या बाजारात शिरला की त्याचे कारखाने बंद पडतात, तिथे तुला नोकरी कोण देणार. आणि दुसरं, टेक्नॉलॉजी सोडून अ‍ॅग्री इकॉनॉमिक्सला जाऊ का.

आधी पप्पांचं बोलू, कारण त्यांची भीती उगाच नाहीये. १ मे २००४ ला पोलंड, हंगेरी, लाटविया, स्लोव्हेनिया धरून दहा देश युरोपियन युनियनमध्ये गेले. दोनच वर्षांनी युनियनने साखरेचं धोरण बदललं, भाव खाली आणले आणि जो कारखाना साखर बनवायचा ठरलेला कोटा सोडून बंद होईल त्याला पैसे द्यायला सुरुवात केली, मग लाटवियातले तिन्ही कारखाने बंद झाले, स्लोव्हेनियातला ऑर्मोझचा एकुलता एक होता तोही गेला, हंगेरीत आज फक्त कपोशवारचा चालू आहे. कारखाना बंद पडला की साखरेचं बीट लावणारा शेतकरी, गाडीवाला, वर्कशॉपवाला कसे अडचणीत येतात ते पप्पांना मी सांगायची गरज नाही.

पण पोलंडही त्याच दिवशी त्याच बाजारात गेला ना! २००४ ला त्यांची शेतमाल आणि खाद्यपदार्थांची निर्यात साधारण ५ अब्ज युरो होती, २०२३ ला ती ५० अब्जाच्या वर गेली, जवळपास तीन चतुर्थांश माल युनियनमध्येच जातो आणि सगळ्यात मोठं गिऱ्हाईक शेजारचा जर्मनी. चिकनच्या उत्पादनात आज ते युनियनमध्ये एक नंबरला आहेत. मजुरी स्वस्त होती, गिऱ्हाईक जवळ होतं, ड्युटी गेली, हे सगळं खरंच आहे, पण स्वस्त मजुरी हंगेरीतही होती की.

फरक कुठे पडला ते दुधात दिसतं. युरोपचा नियम असा की गाईच्या कच्च्या दुधात मिलीलीटरला १ लाखाच्या आत जिवाणू आणि ४ लाखाच्या आत सोमॅटिक सेल (गाईच्याच शरीरातल्या पेशी, कासेला आजार झाला की वाढतात) पाहिजेत. पोलंडच्या बऱ्याच डेअऱ्यांना हे लगेच जमणार नव्हतं म्हणून २००६ अखेरपर्यंत मुदत मिळाली, तोवर त्यांचा माल देशातच विकायचा, बाहेर नाही. मेंबर व्हायच्या आधीपासून युनियनकडून सापार्ड नावाच्या योजनेतून पैसे येत होते, त्यातून प्लांट सुधारले, गोठ्यात कूलिंग टँक आले, सँपल नापास झालं की शेतकऱ्याला भाव कमी मिळायला लागला. लहान डेअऱ्या आणि कत्तलखाने भरपूर बंद झाले, ते दुखणं तिथेही होतंच. पण ज्या टिकल्या त्यातल्या म्लेकोविता आणि म्लेकपोल या आज देशातल्या सगळ्यात मोठ्या डेअऱ्यांपैकी आहेत आणि दोन्ही सहकारी आहेत, शेतकऱ्यांच्या मालकीच्या! आपल्याकडे सहकार संपला म्हणणाऱ्यांनी हे जरूर बघावं असं मला मनापासून वाटतं.

हंगेरीचं उलटं झालं. धान्य, तेलबिया, कच्चं दूध बाहेर जायला लागलं आणि प्रोसेस केलेला माल बाहेरून दुकानात यायला लागला. म्हणजे निर्यात वाढली तरी प्रक्रियेतला पैसा दुसऱ्याच्या घरात गेला. म्हणून नुसता निर्यातीचा आकडा बघून देश स्पर्धेत पुढे गेला म्हणायचं नसतं. यासाठी बेला बलाशा या हंगेरीत जन्मलेल्या अर्थतज्ज्ञाने १९६५ ला एक साधा इंडेक्स दिलाय, आरसीए म्हणजे रिव्हील्ड कम्पॅरेटिव्ह अ‍ॅडव्हान्टेज. देशाच्या एकूण निर्यातीत त्या मालाचा जो वाटा, त्याला जगाच्या निर्यातीतल्या त्याच मालाच्या वाट्याने भागायचं, १ च्या वर आलं तर त्या मालात देश मजबूत. आता गहू आणि बिस्किटं, दूध आणि चीज यांचा वेगवेगळा काढून बघ, खरी गोष्ट तिथे कळते.

पोलंडचंही सगळं गोड नाहीये हं. बराच माल परदेशी सुपरमार्केटच्या लेबलखाली जातो, स्वतःचा ब्रँड कमी, सोकोलूव ही मोठी मांस कंपनी डॅनिश क्राऊनच्या मालकीची आहे, आणि मजुरी आता पूर्वीसारखी स्वस्त राहिली नाही. पुढची स्पर्धा क्वालिटी, ऑटोमेशन आणि नवीन प्रॉडक्टवर आहे, म्हणजे तुझ्या शिक्षणावरच.

म्हणून टेक्नॉलॉजी सोडू नकोस. इकॉनॉमिक्स त्याच्या जोडीला घे, आरसीए, कस्टम्स युनियन (आपसात ड्युटी नाही, बाहेरच्या मालाला सगळ्यांची एकच) आणि कॉमन मार्केट (त्यात माणसं आणि पैसाही मोकळा फिरतो) यांमधला फरक, एवढं तर एक्सेल आणि युनियनच्या आकडेवारी खात्याचा, युरोस्टॅटचा फुकट डेटा घेऊन घरबसल्या होतं. सहकाराकडे ओढा असेल तर पुण्याचं वॅमनिकॉम, म्हणजे सहकारी व्यवस्थापन शिकवणारी संस्थाही बघून ठेव.

पोलंडचं मात्र लगेच ठरवू नकोस. इंग्रजीतून कोर्स मिळेल, पण प्लांटमधला सुपरवायझर, ऑपरेटर, कागदपत्रं सगळं पोलिशमध्ये, त्यामुळे भाषा शिकायची तयारी नसेल तर डिग्री हातात येईल आणि नोकरी अडेल. कर्ज काढायच्या आधी पोलिशचा बेसिक कोर्स करून बघ, झेपतंय का ते कळेल.

आणि इन-प्लांट ट्रेनिंग बिस्किटाच्या फॅक्टरीत न करता नाशिकच्या द्राक्षांच्या एक्स्पोर्ट पॅकहाऊसमध्ये किंवा मालातले औषधांचे अंश तपासणाऱ्या रेसिड्यू लॅबमध्ये मिळतंय का बघ. २०१० ला आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचा अंश सापडला आणि युरोपातल्या खरेदीदारांनी माल नाकारला, शेतकऱ्यांचं अतोनात नुकसान झालं. नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरात उतरलेली पेटी पुढे कुठल्याही मेंबर देशात जाऊ शकते, तसाच तिथे लागलेला डाग पण सगळीकडे पोचतो. हे काम जिला येतं तिला वॉर्सातही किंमत आहे आणि नाशिकजवळच्या पिंपळगाव बसवंतलाही.

पप्पांना नमस्कार सांग. ट्रेनिंगचे अर्ज आत्ताच टाकायला लाग, पॅकहाऊसचा सीझन जानेवारीपासून जोरात असतो, तेव्हा कुणाला फोन उचलायलाही वेळ नसतो. अर्जाचा मजकूर आधी मला पाठवलास तरी चालेल, बघून देईन.